वसंतमामाचा डबा आणि तन्वीचा फोन

"रीकॅल्क्युलेटिंग!"

हा शब्द तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलाय? फार थोड्यांनी, याची मला खात्री आहे. पण तुमच्या आईबाबांना विचारून बघा. पंधराएक वर्षांपूर्वी ज्यांच्या गाडीत काचेला चिकटवलेलं एक चौकोनी यंत्र होतं, ते हा शब्द ऐकला की हसायला लागतील. रस्ता चुकला की ते यंत्र जराशा वैतागलेल्या बाईच्या आवाजात असं म्हणायचं. म्हणजे, "चुकलात ना? थांबा, पुन्हा हिशोब करते!"

गेल्या मे महिन्यात आमच्या गाडीत या बाईचा आणि एका मोबाईल फोनचा चांगलाच सामना रंगला. पुण्याहून दापोलीला मावशीकडे जेवायला, आणि तिथून गुहागरला आजी-आजोबांकडे असा बेत होता. गाडी मी चालवणार होतो. मागे तन्वीची आई आणि तन्वी (इयत्ता नववी, स्वतःला घरातली तंत्रज्ञान-मंत्री समजते), आणि शेजारी तन्वीचा वसंतमामा. मामाच्या मांडीवर एक जुनी पिशवी होती. त्यातून त्याने २०१० साली घेतलेला जीपीएसचा डबा बाहेर काढला आणि काचेला चिकटवला.

"मामा, हे अजून चालतं?" तन्वीने विचारलं.

"चालतं? अगं, तुझा फोन जिथे मान टाकेल तिथे हा रस्ता दाखवेल. लाव पैज!"

पैज लागली. हरेल त्याने गुहागरच्या बाजारात सगळ्यांना आईस्क्रीम द्यायचं. तन्वीने आपला फोन डब्याशेजारीच होल्डरमध्ये बसवला आणि आम्ही निघालो.

निघालो म्हणजे फोन निघाला. डबा काही जागचा हलेना! फोनवर निळा ठिपका पाच सेकंदांत उमटला होता आणि डब्यावर मात्र 'उपग्रह शोधत आहे' अशा अर्थाची पाटी. एक मिनिट गेलं, दोन गेली, आम्ही कोथरूड ओलांडलं. तन्वी खो खो हसत होती.

आता हे असं का झालं, ते आधी बघू.

तुमच्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेचे तीसएक उपग्रह फिरत असतात. दिवसातून दोनदा ते पृथ्वीला फेरी मारतात. यांच्या जाळ्याचं नाव जीपीएस. पहिला उपग्रह १९७८ साली उडाला आणि १९९५ साली हे जाळं पूर्ण झालं. प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एकच गोष्ट ओरडून सांगत असतो, "मी अमुक ठिकाणी आहे आणि आत्ता इतके वाजलेत!" त्याचा हा संदेश प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला तीन लाख किलोमीटर या वेगाने खाली येतो. तरीसुद्धा आपल्यापर्यंत यायला त्याला साधारण सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. खालचं यंत्र हा उशीर मोजतं आणि त्यावरून उपग्रह किती लांब आहे ते काढतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की आपण कुठे आहोत ते ठरतं. पण खालच्या यंत्रातलं घड्याळ असतं साधं, आपल्या हातातल्या घड्याळाच्या जातीचं. त्याची चूक काढायला चौथा उपग्रह लागतो. वेळेत सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली, तर अंतर तीनशे मीटरनी चुकतं!

गंमत म्हणजे आइनस्टाईनलाही इथे कामाला लावलंय. उंचावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे आणि उपग्रह वेगात असल्यामुळे त्यांची घड्याळं जमिनीवरच्या घड्याळांच्या मानाने रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंदांनी पुढे जातात. तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटर जातो. म्हणून ही घड्याळं वर पाठवण्यापूर्वीच जरा 'हळू' लावलेली असतात.

हे सगळं डब्याला आणि फोनला सारखंच लागू आहे. मग डबा मागे का पडला? कारण कोणता उपग्रह आत्ता कुठे आहे, ही माहितीही यंत्राला लागते, आणि उपग्रह ती फार सावकाश सांगतो. सेकंदाला फक्त ५० बिट. शंभर केबीचा एखादा फोटो या वेगाने यायचा म्हटलं तर साडेचार तास लागतील! प्रत्येक उपग्रह स्वतःची माहिती तीस सेकंदांच्या चक्रात सांगतो, आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक ऐकायला साडेबारा मिनिटं जातात. मामाचा डबा दोन वर्षं कपाटात झोपलेला. त्याच्याकडचं वेळापत्रक केव्हाच शिळं झालं होतं. तन्वीच्या फोनने मात्र तेच वेळापत्रक मोबाईलच्या जाळ्यातून क्षणात उचललं. शिवाय आजचे फोन नुसत्या जीपीएसवर अवलंबून नसतात. रशियाचे, युरोपचे, चीनचे उपग्रहसुद्धा ते ऐकतात, आणि काही फोन आपल्या इस्रोचे 'नाविक' उपग्रहही. नाविकचा पहिला उपग्रह २०१३ साली गेला, सातवा २०१६ साली. पुढे त्यांतल्या काहींची अणुघड्याळं बंद पडली. घड्याळ बंद म्हणजे उपग्रह असून नसल्यासारखा. म्हणून इस्रोने २०२३ पासून नव्या पिढीचे उपग्रह सोडायला घेतले, आणि त्यांत आपल्याच देशात बनवलेलं अणुघड्याळही बसवलं.

असो. चांदणी चौक आला तेव्हा डबा जागा झाला, आणि जागा होताच गोंधळला. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये स्फोटाने पाडला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिथे नव्या रस्त्यांचं जाळं सुरू झालं. मामाच्या डब्यात नकाशा होता २०१३ चा. त्याच्या दृष्टीने आमची गाडी सरळ डोंगरात घुसली होती. "रीकॅल्क्युलेटिंग! मेक अ यू-टर्न! रीकॅल्क्युलेटिंग!" बाईची अगदी तारांबळ उडाली.

"एक-शून्य," तन्वी म्हणाली.

मामाने विषय बदलला आणि जीपीएस आपल्याला फुकट कसं मिळालं ते सांगायला घेतलं. मामाच्या गोष्टी लांबतात, पण ही खरी आहे. जीपीएस बांधलं अमेरिकेच्या लष्कराने, स्वतःसाठी. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं एक प्रवासी विमान रस्ता चुकून सोव्हिएत रशियाच्या हद्दीत शिरलं. रशियन लढाऊ विमानाने ते पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रीगन यांनी जाहीर केलं, की जीपीएस तयार झालं की सामान्य लोकांनाही ते वापरता येईल. पण लष्कराने एक मेख मारून ठेवली होती. सामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायची, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. शंभर मीटर म्हणजे तुम्ही पुलावर आहात की शेजारच्या गल्लीत, तेच कळायचं नाही. मे २००० मध्ये ही मुद्दामची चूक बंद केली, आणि मग काचेला चिकटणाऱ्या डब्यांचे खरे सुगीचे दिवस आले.

ताम्हिणी घाट लागला. दोन्ही बाजूंना करवंदाच्या जाळ्या, कडक ऊन. मध्ये एका टपरीवर आम्ही चहा घेतला. तन्वीच्या आईने करवंदं घेतली. पुन्हा निघताना गप्पांच्या नादात एका फाट्यावर मी भलत्याच रस्त्याला लागलो. तीन-चार किलोमीटर गेल्यावर शंका आली.

"तन्वी, बघ गं."

फोनवर निळा ठिपका होता, पण त्याच्याभोवती नुसते राखाडी चौकोन. रस्ता नाही, गाव नाही, काही नाही.

"शी! इथे जीपीएसच येत नाहीये," तन्वी म्हणाली.

मामा याच क्षणाची वाट बघत होता. "जीपीएस येतंय! ठिपका दिसतोय ना? तुझी रेंज गेलीय, नकाशा नाहीये!"

हे मात्र नीट लक्षात घ्या, कारण मोठी माणसंही इथे हमखास गल्लत करतात. जीपीएसला सिमकार्ड लागत नाही, इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. उपग्रह बोलतो, आपण ऐकतो. रेडिओसारखं. भर समुद्रातसुद्धा ऐकू येतं. नकाशाची गोष्ट वेगळी. फोन बहुतेक वेळा नकाशाचे तुकडे इंटरनेटवरून लागतील तसे आणतो. ठरल्या रस्त्याचे तुकडे त्याने आधीच आणलेले असतात, म्हणून रेंज गेली तरी तो काही काळ बरोबर चालतो. तुम्ही रस्ता सोडलात की मात्र पंचाईत! डब्याचं तसं नाही. अख्ख्या देशाचा नकाशा त्याच्या पोटात असतो. बाईने शांतपणे "रीकॅल्क्युलेटिंग" म्हटलं आणि आम्हाला मुकाट मागे आणून सोडलं.

"एक-एक," मामा म्हणाला.

यावर उपाय अगदी सोपा आहे. निघण्यापूर्वी घरच्या वायफायवर त्या भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवायचा. मग फोनच्याही पोटात नकाशा! ही सोय बहुतेक सगळ्या नकाशा-अ‍ॅपमध्ये असते. तन्वीला ती माहीत होती. "पण मला वाटलं लागणार नाही," असं ती नंतर म्हणाली. हे वाक्य आमच्या घरात छत्रीच्या बाबतीतही ऐकू येतं.

माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला लागलो, महाड मागे पडलं. पोलादपूरनंतर कशेडी घाटाखालच्या नव्या बोगद्यात शिरलो आणि दोन्ही यंत्रं एकदम गप्प झाली. डब्याच्या नकाशात तर बोगदाच नव्हता. सुमारे दोन किलोमीटर डोंगराच्या पोटात उपग्रहाचा आवाज कसा पोचणार? फोनने तरी अंदाजाने ठिपका पुढे सरकवत ठेवला. याच वेगाने याच दिशेला गेलो तर आत्ता इथे असू, असा तो अंदाज.

हा अंदाजाचा खेळ जीपीएसपेक्षा कितीतरी जुना आहे. जीपीएस तयार होण्याआधी, १९८५ साली, कॅलिफोर्नियात 'ईटॅक' नावाच्या कंपनीने गाडीत बसवायचा नकाशा विकायला काढला होता. त्यात उपग्रहाचा संबंधच नव्हता! होकायंत्र आणि चाकांना लावलेली मोजणी-यंत्रं यांच्या जोरावर तो चालायचा, आणि नकाशे असायचे कॅसेटवर. होय, गाण्यांच्या असायच्या तशाच कॅसेट! मोठं शहर असेल तर एका कॅसेटवर मावायचं नाही, मध्येच बदलावी लागायची. आणि ईटॅक हे नाव कुठून आलं? पॅसिफिक महासागरातल्या बेटांवरच्या नावाड्यांकडून. ते शेकडो मैल होडीतून जाताना असं धरून चालायचे, की आपली होडी जागच्या जागी उभी आहे आणि बेटं आपल्याकडे सरकत येताहेत. त्या पद्धतीला म्हणतात ईटॅक. आज फोनवर बघा. तुमच्या गाडीचा बाण स्क्रीनवर तिथल्या तिथेच असतो, नकाशाच खाली सरकत राहतो. बेटांवरच्या त्या नावाड्यांची कल्पना तुमच्या होल्डरमध्ये बसली आहे!

पुढे डबेवाल्या कंपन्या आल्या. (मुंबईचे डबेवाले नव्हेत, त्यांना नकाशा लागतच नाही!) अमेरिकेतली गार्मिन १९८९ सालची. गॅरी बरेल आणि मिन काओ या दोघांनी ती काढली. गॅरीमधला 'गार' आणि 'मिन', झालं गार्मिन. अ‍ॅमस्टरडॅमची टॉमटॉम १९९१ ची. आपल्याकडे दिल्लीच्या मॅपमायइंडियाने १९९५ पासून नकाशे बनवले आणि पुढे गाडीत लावायची यंत्रंही विकली. धंदा जोरात होता. मग २८ ऑक्टोबर २००९ उजाडला. त्या दिवशी गूगलने जाहीर केलं, की वळणावळणाला बोलून रस्ता सांगणारं नॅव्हिगेशन अँड्रॉइड फोनवर फुकट मिळणार. फुकट! त्याच दिवशी गार्मिन आणि टॉमटॉमचे शेअर धाडकन खाली आले. जी गोष्ट लोक हजारो रुपये देऊन घेत होते, ती खिशातल्या फोनमध्ये आपोआप आली होती.

तरी डबे संपले नाहीत. गार्मिन आजही ते बनवते, फक्त गिऱ्हाईक बदललं. मोठ्या ट्रकसाठी खास यंत्रं मिळतात. त्यांत आपल्या ट्रकची उंची, वजन, लांबी भरायची, मग ते यंत्र ठेंगण्या पुलाखालून नेत नाही. मोटरसायकलवाल्यांसाठी पाऊस झेलणारी, हातमोजे घालून दाबता येणारी यंत्रं असतात. विमानं आणि बोटींची वेगळीच.

खेडच्या अलीकडे तन्वीच्या फोनवर थर्मामीटरचं चित्र आलं आणि पडदा काळा झाला. मे महिन्यातलं दुपारचं ऊन काचेतून सरळ त्याच्यावर, त्यात चार्जिंग चालू, पडदा पूर्ण उजेडावर. बिचारा तापला! अ‍ॅपल कंपनी स्वतःच सांगते, की आमचा फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा. कोकणात मे महिन्यात डॅशबोर्डवर ३५ अंश? तो थंडावा झाला! गाडीसाठीच बनवलेले डबे हे गृहीत धरून बनवलेले असतात. तन्वीने फोन काढून एसीच्या झोतासमोर धरला. वीसेक मिनिटांनी तो शुद्धीवर आला. डब्याची बाई तेवढ्यात आम्हाला भरणे नाक्यावरून दापोलीच्या रस्त्याला घेऊन गेली होती.

"दोन-एक," मामा पुटपुटला.

मधल्या वेळात आणखी एक घडलं होतं. एका वळणाच्या आधी नेमका तन्वीच्या मैत्रिणीचा फोन आला आणि नकाशावर तिचा हसरा फोटो पसरला. मी क्षणभर तिकडे बघितलं. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर जाते. पन्नास मीटर मी त्या फोटोकडे बघत गाडी चालवली, असा त्याचा अर्थ. पालकांनो, हे तुमच्यासाठी आहे. चालवताना फोन हातात धरला तर मोटार वाहन कायद्याप्रमाणे तो धोकादायक चालवण्याचा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी एक ते पाच हजार रुपये दंड, सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. ऑक्टोबर २०२० पासून नियमात एक सवलत आहे, की रस्ता बघण्यापुरता, आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने फोन वापरता येतो. म्हणजे होल्डर हवा, पत्ता निघण्यापूर्वी भरायला हवा. आमच्या गाडीत त्या दिवसापासून तन्वीचं खातं वाढलं. चालत्या गाडीत पडद्याला हात लावायचा तो तिने. माझं काम फक्त कानाने ऐकणं.

दापोलीला जेवण झालं. आंबरस होता, त्यामुळे जेवणानंतर कोणीच हललं नाही. समुद्र बघून झाला, पुन्हा चहा झाला, मावशीने रात्रीचं जेवायला घातलं. निघायला बराच उशीर झाला. मावशीचे यजमान दारात म्हणाले, "दाभोळच्या जेटीवर एकदा फोन करून विचारा हो." आम्ही हो हो म्हटलं आणि निघालो.

आता खरी लढत होती. दापोलीहून गुहागरला जायचे रस्ते दोन. एक खेड-चिपळूण करून जमिनीवरून, शंभरेक किलोमीटर. दुसरा दाभोळला जायचं, वाशिष्ठीच्या खाडीत गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि पलीकडे धोपाव्याला उतरायचं. हा त्याच्या निम्म्याहून कमी. डब्याने चिपळूणचा रस्ता दाखवला, त्याला फेरीबोट माहीतच नव्हती. फोनने दाभोळ दाखवलं. तन्वीचा चेहरा खुलला. "दोन-दोन! मामा, आईस्क्रीम!"

दाभोळच्या अरुंद रस्त्यांतून गाडी उतरत गेली. गावात सामसूम. फोन सांगत होता, सरळ चला. पडद्यावर निळी रेघ खाडीवरून पलीकडे सरळ गेलेली. रस्ता उताराला लागला. मी तसाच पुढे गेलो, आणि गाडीच्या दिव्यात समोरचं डांबर ओलं चमकलं. आणखी पुढे ते काळंभोर झालं, आणि हललं.

मी ब्रेक दाबला. समोर पाणी होतं.

बोट गाडी चढवून घेते ती सिमेंटची उतरती धक्क्याची वाट होती ती. बोट नव्हती. शेवटची फेरी केव्हाच सुटून गेली होती. फोन अजूनही तितक्याच गोड आवाजात सांगत होता, फेरीबोटीत बसा. गाडीत कोणी बोललं नाही. मागून एक म्हातारे गृहस्थ बॅटरी हलवत आले. "रिव्हर्स घ्या, सावकाश. भरतीची वेळ आहे," एवढंच म्हणाले. मी गाडी मागे घेतली. माझे हात थरथरत होते, ते मामाने बघितलं आणि न बोलता गाडी चालवायला घेतली.

हे मी मुद्दाम लिहितोय. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईला निघालेल्या तिघांची गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री पाण्यात गेली. फोनवरच्या नकाशात रस्ता होता, पूलही होता. पण पिंपळगाव खांड धरण भरलं की तो पूल पाण्याखाली जातो. गावातल्या पोराटोरांना ते ठाऊक असतं, नकाशाला नव्हतं. दोघं पोहून बाहेर आले, गाडी चालवणारे वाचले नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या एका पुलावर गाडी चढली. पुलाचा काही भाग पुराने आधीच वाहून गेला होता. नकाशात पूल अखंड होता आणि रस्त्यावर पुरेसा अडथळाही घातलेला नव्हता. तिघं गेले. आणि डब्यांनी असं कधी केलं नाही, असं समजू नका. वाळवंटात, बर्फात, नदीत लोकांना नेऊन सोडल्याच्या कहाण्या डब्यांच्याही भरपूर आहेत. २०१२ साली ऑस्ट्रेलियात मिल्डुरा हे शहर एका फोनच्या नव्या नकाशात सुमारे ७० किलोमीटर लांब, चक्क एका राष्ट्रीय उद्यानाच्या मधोमध दाखवलं गेलं. लोक तिथे जाऊन अडकू लागले. उन्हाळ्यात पारा ४६ अंशांपर्यंत जाणारी आणि पाणी नसलेली ती जागा! शेवटी पोलिसांनाच इशारा द्यावा लागला.

उपग्रह चुकत नव्हते, हे बघितलंत का? आमचा ठिपका दाभोळला अगदी बरोबर जागी होता. तुम्ही कुठे आहात हे उपग्रह सांगतो. तिथे आज रस्ता आहे का, पाणी आहे, खड्डा आहे की लग्नाचा मांडव आहे, हे त्याला कसं कळणार? ते कोणीतरी बघून नकाशात भरावं लागतं.

मग फोनवर वाहतूक तुंबल्याच्या लाल रेषा येतात त्या कुठून, असं तन्वीने परतीच्या वाटेवर विचारलं. त्या तुमच्या-माझ्या फोनमधूनच येतात! रस्त्यावरचे असंख्य फोन 'मी इथे आहे, या वेगाने चाललोय' हे कंपनीला कळवत असतात. खूप फोन एका रस्त्यावर रांगताना दिसले की रेषा लाल. बर्लिनमधल्या सायमन वेकर्ट नावाच्या एका कलाकाराने २०२० साली याची मोठी गंमत दाखवली. त्याने ९९ जुने फोन एका छोट्या हातगाडीत भरले आणि ती गाडी ओढत रिकाम्या रस्त्यावरून रमतगमत चालला. नकाशावर तो रस्ता लालेलाल! जुना डबा नुसता ऐकतो, कोणाला काही सांगत नाही. तुम्ही कुठे गेलात, कितीदा गेलात, हे त्याच्याबाहेर जात नाही. फोन ऐकतो आणि सांगतोही. तुमच्या फोनमधल्या कोणकोणत्या अ‍ॅपला तुमची जागा कळते, ते सेटिंगमध्ये जाऊन आईबाबांबरोबर एकदा बघा. आमच्याकडे तन्वीच्या एका फोटो-सजावटीच्या अ‍ॅपला आणि एका बॅटरीच्या अ‍ॅपला ती कळत होती. बॅटरीला कशाला हवं हो, आम्ही दापोलीत आहोत की पुण्यात!

रात्र मावशीकडेच काढली. तिने दार उघडलं तेव्हा "फोन केला नाहीत ना?" इतकंच विचारलं.

सकाळी मात्र तन्वीने आधी जेटीवर फोन लावला, बोटीची वेळ विचारली, भरती-ओहोटीही विचारून घेतली. गुहागरचा नकाशा वायफायवर उतरवला. फोनच्या होल्डरवर सावलीसाठी पुठ्ठ्याचा एक छज्जा केला, तो वाकडा होता पण टिकला. दाभोळच्या धक्क्यावर रात्रीचे ते गृहस्थ पुन्हा भेटले. दिवसाउजेडी ती उतरती वाट किती साधी दिसत होती! त्यांना चहा दिला. ते म्हणाले, आठवड्यातून एखादी गाडी तरी अशी रात्री येते, म्हणून बॅटरी उशाशी घेऊनच झोपतो.

बोट सुटली. खाडीच्या मध्यावर गार वारा आला, वरून घारी फिरत होत्या. मामाचा डबा अजून काचेला चिकटलेला होता. त्याच्या पडद्यावर आमची गाडी चहूकडून निळ्या रंगाने वेढलेली दिसत होती. जवळपास रस्ता नाही, काही नाही. बाईने बराच वेळ दम धरला आणि मग तिला राहवलं नाही.

"मेक अ यू-टर्न," ती म्हणाली, "व्हेन पॉसिबल!"

बोटीवरची सगळी माणसं आमच्या गाडीकडे बघायला लागली, इतके आम्ही हसलो. आईस्क्रीमचे पैसे शेवटी मी दिले. रात्री गाडी चालवत कोण होतं, यावर मामा-भाचीचं एकमत झालं होतं.